खड्डे किती खणले, झाडं किती उरली?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात सरकारी वृक्षलागवडीवर मी एक छोटं टिपण लिहिलं होतं. हवेतला कार्बन झाडांत साठवायचा असेल, तर लावलेली रोपं मोजून भागत नाही, दहा वर्षांनी उभी असलेली झाडं मोजावी लागतात, एवढंच त्यात म्हटलं होतं. त्यावर आलेली पत्रं संपादकांनी माझ्याकडे पाठवली. माझी सगळी नोकरी वनखात्यात झाली. आधी रोपवाटिकेत होते, नंतर जुन्या रोपवनांची मोजणी करणाऱ्या पथकात. उत्तरं त्याच अनुभवावरून देते आहे. एकाच आशयाची पत्रं बरीच होती, त्यातलं एकेकच घेतलं आहे.

ताई, "एक झाड वर्षाला अमुक किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं" हा आकडा प्रत्येक फलकावर वेगळा असतो. मी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांना नेमकं काय सांगू?

बाई, मुलांना सांगा की झाड किती मोठं आहे ते आधी बघायचं, आकडा त्यानंतर. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, ऑक्सिजन सोडतं आणि कार्बन वापरून खोड, फांद्या, मुळं बांधतं. पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं वजन कार्बनचं असतं. हा एक किलो कार्बन हवेत होता तेव्हा ऑक्सिजनला जोडलेला होता, म्हणून झाडात एक किलो कार्बन साठला की हवेतला ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड कमी झाला असं धरतात. म्हणजे सगळा हिशेब झाडाच्या वजनावर येतो. उभ्या झाडाचं वजन करता येत नाही, म्हणून घेर मोजायचा.

हे वर्गाला प्रत्यक्ष करून दाखवता येतं. एका काठीवर १.३ मीटरची खूण करा. मोठ्या माणसाच्या छातीची उंची साधारण तेवढीच भरते, आम्ही तिला "छातीची उंची" म्हणतो. काठी झाडाला टेकवायची आणि त्या खुणेपाशी शिंप्याची टेप खोडाभोवती फिरवायची. जमीन उताराची असेल तर वरच्या बाजूला उभं राहायचं. खोडावर वेल चढला असेल तर टेप त्याच्या खालून घालायची, नाहीतर वेलाचाही घेर झाडाच्या नावावर लागतो. टेप तिरकी झाली की दोन-तीन सेंटिमीटर उगाच वाढतात. नव्या मुलांच्या हातून हे हमखास होतं, म्हणून एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने समोरून टेप बघायची.

आता आकडे. ज्याचं लाकूड फार हलकं नाही, फार जड नाही, असं उष्ण प्रदेशातलं झाड घ्या. घेर ३१ सेंटिमीटर, म्हणजे जाडी १० सेंटिमीटर असेल, तर त्याचं जमिनीवरचं कोरडं वजन तीस किलोच्या आत-बाहेर भरतं. तेच झाड वाढून घेर ९४ सेंटिमीटर, जाडी ३० सेंटिमीटर झाली की वजन ५०० किलोच्या आसपास जातं. जाडी तिप्पट झाली आणि वजन पंधरा-वीस पटींनी वाढलं. मुळांचं म्हणून आणखी पाव हिस्सा मिळवा. सगळं मिळून या झाडात सव्वातीनशे किलोच्या आत कार्बन होतो, म्हणजे हवेतला एक टनाहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड. तुमच्या मुलांनी पावसाळ्यात लावलेल्या गुडघाभर रोपात मात्र काही ग्रॅमच असतो. रोप आणि झाड यांना एकच आकडा लावणाऱ्या फलकावर म्हणूनच विश्वास ठेवू नका. मुलांनी दरवर्षी त्याच दिवशी तीच दहा झाडं मोजून वहीत लिहिली, तर फलकाची गरजही पडणार नाही.

एका दिवसात कोट्यवधी रोपं लावल्याच्या बातम्या आम्ही वाचतो. मग ती जातात कुठे? सगळी मरतात का?

सगळी मरत नाहीत. पण किती जगली हे सांगायला सहसा कोणी परत जात नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

एक मोजणी माझ्या कायमची लक्षात राहिली आहे. तीन वर्षांचं रोपवन होतं. नोंदवहीत जिवंत रोपं ८७ टक्के. आम्ही दोघीजणी टेप आणि चुन्याची पिशवी घेऊन गेलो, नमुन्याचे पट्टे आखले आणि खड्ड्यामागून खड्डा बघत चाललो. दर शंभर खड्ड्यांत एकतीस रोपं उभी सापडली, त्यातली निम्मी आमच्या कमरेलाही लागत नव्हती. एक वाळलेलं रोप मी हाताने ओढलं तर ते सहज वर आलं. मुळांचा आकार अजूनही पिशवीचाच होता. सुतळीची गुंडी करावी तशी ती गोल गोल फिरलेली, आणि बाहेरच्या मातीत एकही मूळ गेलेलं नाही. तीन वर्षं जमिनीत राहूनही ते रोप पिशवीतच होतं. शेजारच्या खड्ड्यात तर पिशवीसुद्धा काढलेली नव्हती, काळं प्लॅस्टिक तसंच मुळांना चिकटून होतं.

मी रोपवाटिकेत काम केलं आहे, त्यामुळे हे कसं होतं ते मला माहीत आहे. पिशवीतलं रोप ठरावीक काळात बाहेर जायला हवं. लागवड वर्षभर पुढे ढकलली की मुळं तळाशी पोचतात, जागा मिळत नाही म्हणून वळसे घेतात आणि पुढे तो वळसा सुटत नाही. अशी रोपं बाजूला काढून टाकायची असतात, किंवा निदान लावताना गुंडाळलेली मुळं धारदार पात्याने कापायची असतात. पण ज्या दिवशी लाखो रोपं मातीत जायचीच असतात, त्या दिवशी पिशवी फाडून मूळ बघायला कोणाला वेळ असणार? मजुराला पैसे खड्ड्यावर मिळतात. त्या बाईला मी दोष देणार नाही, उन्हात दिवसभर वाकून तिने खड्डे भरलेले असतात.

आणि ते ८७ टक्के खोटे नव्हते. ती मोजणी लागवडीनंतर दोन महिन्यांनी, भर पावसात झाली होती. तेव्हा जवळपास सगळंच हिरवं असतं. रोपाचा कस लागतो तो पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत. त्या काळात गवत काढणं, आळं करणं, पाणी देणं, मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरणं, गुरं आणि आग यांच्यापासून राखण, हे सगळं करावं लागतं. लागवडीच्या वर्षाचा पैसा वेळेवर येतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या निगेचा पैसा उशिरा येतो, कमी येतो, कधी येतच नाही. जगात कुठेही जा, मोठ्या लागवडी बहुतेक इथेच मार खातात.

२०१९ साली ११ नोव्हेंबरला तुर्कस्तानात एकाच दिवशी १ कोटी १० लाख रोपं लावली गेली. काही महिन्यांनी तिथल्या वनकामगारांच्या संघटनेने नमुने तपासून, ९० टक्क्यांपर्यंत रोपं मेल्याचं सांगितलं. सरकारने ते साफ नाकारलं. लागवड मोसम सोडून झाली आणि पाणी कमी पडलं, असं संघटनेचं म्हणणं होतं. फिलिपिन्सने २०११ मध्ये १५ लाख हेक्टरांवर १५० कोटी रोपं लावायची योजना काढली. पुढे त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षकांनी, यंत्रणेच्या आवाक्याबाहेरचं लक्ष्य घाईने रेटल्याचा ठपका तिच्यावर ठेवला. इथिओपियाने २९ जुलै २०१९ रोजी बारा तासांत ३५ कोटी रोपं लावल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी लोक मनापासून बाहेर पडले होते, मुलाबाळांसह खड्ड्यांपाशी गेले होते. त्यांच्या हातून लागलेल्या रोपांची पाच वर्षांनंतरची मोजणीसुद्धा तितक्याच ठळकपणे जाहीर व्हायला हवी, असं मला वाटतं.

आमच्या भागात गवताळ माळ "पडीक" म्हणून लागवडीसाठी काढला आहे. रिकाम्या जमिनीवर झाडं लावली तर कार्बन वाढेलच ना?

नाही. "रिकामी" आणि "पडीक" हे शब्द कागदावरचे आहेत. माळाखाली गवताच्या मुळांचं दाट जाळं असतं आणि त्याने शेकडो वर्षं मातीत साठवलेला कार्बन असतो. खड्ड्यांसाठी, चरांसाठी ती माती उलथली की त्यातला काही कार्बन कुजून हवेत जातो. रोपं जगली नाहीत तर आधी होतं त्यातलंही गेलं. शिवाय त्या गवतावर जगणारी गुरं आणि माणसं कुठेतरी जाणारच, बहुतेक वेळा शेजारच्या जंगलात.

याचं मी पाहिलेलं नाही, पण सगळ्यात पक्कं ठाऊक असलेलं उदाहरण स्कॉटलंडच्या उत्तर टोकाचं आहे. तिथे फ्लो कंट्री नावाचा दलदलीचा प्रचंड प्रदेश आहे. पाण्यात बुडालेली शेवाळं आणि वनस्पती नीट कुजत नाहीत, थरावर थर साचत जातात, त्याला पीट म्हणतात. हजारो वर्षांचा कार्बन तिथे असा जमिनीत पडून आहे. १९८० च्या दशकात ब्रिटिश सरकारने झाडं लावणाऱ्यांना करसवलत दिली. श्रीमंत लोकांनी तिथे पैसे गुंतवले, नांगरून चर काढले, पाणी बाहेर काढलं आणि परदेशी सूचिपर्णी झाडांच्या रांगा लावल्या. पाणी उतरलं तशी पीटमध्ये हवा शिरली आणि ते कुजायला लागलं. १९८८ मध्ये ती सवलत बंद झाली. आता तिथे लावलेली झाडं तोडून, चर बुजवून दलदल परत आणायचं काम चालू आहे, आणि २०२४ मध्ये फ्लो कंट्रीला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सरकारने आधी झाडं लावायला पैसे दिले, नंतर ती काढायला.

पाण्याचंही बघायला हवं. झाड जमिनीतून पाणी ओढून पानांवाटे हवेत सोडतं. पाऊस कमी असेल तिथे दाट लागवड केली की गावातल्या झऱ्याच्या वाट्याचं पाणी झाडं पितात. दक्षिण आफ्रिकेने बाहेरून आलेली झाडं नद्यांच्या उगमाकडून काढायची सरकारी मोहीम १९९५ पासून पाणी वाचवण्यासाठीच चालवली आहे. चीनमध्ये पिवळ्या नदीकाठच्या लोएस पठारावर उतारांची धूप थांबवण्यात लागवडीने मोठं यश मिळवलं, हे खरं आहे. नदीत वाहून जाणारा गाळ पुष्कळ कमी झाला. पण ज्या कोरड्या भागांत गवत किंवा झुडपं पुरली असती तिथे झाडं लावली, तिथली झाडं खालची ओल संपवून खुरटली. त्यांना तिकडे "छोटी म्हातारी झाडं" म्हणतात. वय तीस-चाळीस, उंची मात्र खुजी.

तेव्हा तुमच्या ग्रामसभेत एकच विचारा: या जमिनीवर पन्नास-शंभर वर्षांपूर्वी काय होतं? जंगल असेल तर झाडं लावा. गवत असेल तर गवतच राखा, तेही कार्बनचंच काम आहे.

मी अकरावीत आहे. निलगिरीसारखी भराभर वाढणारी झाडं लावली तर कार्बन लवकर साठेल, मग देशी झाडांचा आग्रह कशाला?

प्रश्न चांगला आहे, आणि पहिलं वाक्य तुझं बरोबरही आहे. पहिली सात-आठ वर्षं निलगिरी किंवा पाइन देशी झाडांच्या पुढेच असतात. आता पुढचं बघ. निलगिरी लावतात ती बहुतेक लगद्यासाठी. सहा-सात वर्षांनी ती तोडली जाते, तिचा कागद होतो, आणि कागद थोड्याच वर्षांत जळतो किंवा कुजतो. मग पुन्हा फुटवा, पुन्हा तोड. त्या जमिनीवरचा कार्बन शून्याकडून वर जातो, परत खाली येतो. सरासरी काढलीस तर सगळ्यात उंच टप्प्याच्या निम्म्याच्या आसपास येते, आणि तो टप्पाही सात वर्षांच्या झाडांचाच असतो. जंगल तीस, पन्नास, शंभर वर्षं साठवतच राहतं.

सरकारी पैशाचं काय होतं ते चिलीत दिसलं. १९७४ मध्ये तिथल्या राजवटीने वटहुकूम काढून लागवडीच्या खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंत भार उचलायला सुरुवात केली. झाडांखालचं क्षेत्र झपाट्याने वाढलं. पण बऱ्याच ठिकाणी पाइन आणि निलगिरी आली ती मूळच्या जंगलाची जागा घेऊन. नंतरच्या अभ्यासात दिसलं की झाडांचं क्षेत्र वाढूनही साठलेला कार्बन जवळपास वाढलाच नाही. एकाच जातीच्या रांगांमध्ये आगही वेगाने पसरते. २०१७ च्या जानेवारीतल्या आगींत तिथल्या लागवडींचे मोठाले पट्टे जळाले. कीड लागली तरी तसंच होतं. चीनने १९७८ मध्ये उत्तरेकडच्या वाळवंटांना अडवायला झाडांची हिरवी भिंत उभारायला घेतली, ते काम २०५० पर्यंत चालायचं आहे. तिच्यात सुरुवातीला पॉप्लरच पॉप्लर लावले होते. लांब मिशांच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांनी खोडं पोखरली आणि रांगाच्या रांगा तोडून जाळाव्या लागल्या. दहा जातींचं जंगल असतं तर त्या किडीला मधल्या नऊ जाती अडल्या असत्या.

लाकडासाठी लागवड करायला माझी हरकत नाही, लाकूड लागतंच. इमारतीच्या तुळईत गेलेलं लाकूड तर पुष्कळ वर्षं कार्बन धरून ठेवतं. फक्त त्या लागवडीला जंगल म्हणू नये आणि तिच्या नावावर जंगलाएवढा कार्बन लिहू नये.

जुनं झाड तोडलं की दहा नवी लावायची अट घालतात. हिशेब बरोबर बसतो का?

वर घेर ९४ आणि ३१ सेंटिमीटर अशी दोन झाडं दिली आहेत, त्यावरून तुम्हीच करा. मोठ्या झाडाची भरपाई करायला लहान झाडं सोळा-अठरा लागतात, आणि ३१ सेंटिमीटर घेराला पोचायलाही त्यांना काही वर्षं लागतात. दहांपैकी तीनच जगली, तर साठ रोपं लावायला हवीत. ९४ सेंटिमीटर म्हणजे तर मध्यम झाड. ज्याला दोन माणसांची कव लागते अशा झाडाचा हिशेब मी मांडतही नाही. रस्ता थोडा वळवता आला तर वळवावा.

सरकारं हा साठलेला कार्बन मोजतात तरी कसा? उपग्रहावरून?

दोन्ही मिळून. उपग्रहाच्या चित्रावरून झाडांच्या छत्राखालचं क्षेत्र काढतात आणि जमिनीवर नमुन्याचे चौरस आखून घेर मोजतात. मग एका हेक्टरमागे किती कार्बन, गुणिले क्षेत्र. अडचण अशी की नुसत्या हिरव्या छत्रावरून ते जंगल आहे, फळबाग आहे की निलगिरीची रांग हे दर वेळी नीट कळत नाही, आणि पहिल्या काही वर्षांचं रोप तर वरून दिसतच नाही. २०१५ च्या पॅरिस करारानंतर हे आकडे आंतरराष्ट्रीय वचनांत गेले आहेत. भारताचं वचन २०३० पर्यंत जंगलं आणि झाडांमधून २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा साठा उभारायचं आहे. एवढ्या मोठ्या वचनाचा पाया म्हणजे शेवटी टेप घेऊन चौरसात उतरलेली माणसं. ती संख्येने कमी असतात आणि बढतीच्या यादीत तळाला असतात, हे मला आतून माहीत आहे.

झाडं लावून कारखान्यांचा आणि गाड्यांचा धूर भरून निघेल का? खरं सांगा.

नाही निघणार. कोळसा, तेल आणि वायू जाळून जग वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतं. चांगल्या जमिनीवर जोमाने वाढणारं एक हेक्टर तरुण जंगल वर्षाला दहा टनांच्या आसपास घेतं असं धरा. एक कोटी हेक्टर लावले आणि सगळे जगले, तरी ते दहा कोटी टन झाले. भागाकार करून बघा, साडेतीनशेतला एकसुद्धा हिस्सा होत नाही. शिवाय जमिनीखालचा कोळसा तिथेच राहिला तर कोट्यवधी वर्षं राहतो. झाडातला कार्बन एका वणव्यात परत जातो. २०२३ च्या उन्हाळ्यात कॅनडात दीड कोटी हेक्टरांवर जंगल जळालं.

तरीही झाडं हवीत, कारण हवेत आधीच गेलेला कार्बन परत आणायचं इतकं जुनं आणि पक्कं साधन दुसरं नाही. फक्त "आम्ही झाडं लावतो आहोत" असं सांगून धूर चालू ठेवायची मुभा कोणाला मिळू नये.

तुमच्या टिपणाचा सूर नकारात्मक होता. सरकारने काहीच करू नये असं तुमचं म्हणणं आहे का? तुम्हीही सरकारचाच पगार घेतलात.

घेतला, आणि म्हणूनच लिहिते. एवढं मोठं काम सरकारशिवाय होणार नाही. ते झालेलं आहे, तेही नकाशावर दाखवता येईल अशा ठिकाणी.

कोरियन युद्धानंतर दक्षिण कोरियाचे डोंगर उघडेबोडके होते. १९७३ मध्ये तिथे वनीकरणाची दहा वर्षांची योजना सुरू झाली आणि तिचं लक्ष्य १९७८ मध्येच पूर्ण झालं. हे ऐकून मला आधी शंका आली होती, कारण लक्ष्य लवकर पूर्ण झालं की नोंदवही आठवते. पण त्यांनी दोन गोष्टी केल्या होत्या. एका भागातली लागवड दुसऱ्या भागातले अधिकारी येऊन तपासत. आपल्याच कामाची मोजणी आपणच करायची पद्धत त्यांनी ठेवली नाही. दुसरी गोष्ट जळणाची. लोक घरं ऊबदार ठेवायला लाकूड जाळत होते, त्यांना कोळशाच्या वड्या मिळतील अशी व्यवस्था झाली आणि गावांसाठी जळणाची वेगळी झाडं लावली गेली. डोंगरावरची कुऱ्हाड थांबली ती त्यामुळे. आज त्या देशाचा साठ टक्क्यांहून जास्त भाग जंगलाखाली आहे. (कोळसा जाळून जंगल वाचवलं, हे कार्बनच्या हिशेबात अवघड वाटेल. त्या वेळचा प्रश्न धूप आणि पुराचा होता.)

दुसरं उदाहरण नायजरचं, आणि मला तेच जास्त जवळचं वाटतं. सहाराच्या खालच्या कोरड्या पट्ट्यात लावलेली बहुतेक रोपं मरत होती. १९८० च्या सुमाराला टोनी रिनाउडो हा ऑस्ट्रेलियन कार्यकर्ता तिथे लागवडीच्या कामावर होता. शेतांत जी खुरटी झुडपं दिसत होती ती झुडपं नव्हती, तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांना आलेली फूट होती, हे त्याच्या लक्षात आलं. खाली मुळं जिवंत होती. नवं रोप लावायची गरजच नव्हती. एका बुंध्यावरचे पाच-सहा जोमदार फुटवे ठेवायचे, बाकीचे छाटायचे, गुरांपासून राखायचे. पण शेतकरी ते का राखेल? जुन्या कायद्याने शेतातलं झाडसुद्धा सरकारचं होतं, राखून त्याच्या हाती काहीच लागत नव्हतं. ती पकड व्यवहारात सैल होत गेली, झाडाच्या फांद्यांवर, शेंगांवर शेतकऱ्याचा हक्क मानला जाऊ लागला, आणि एका गावातून दुसऱ्या गावात हे पसरलं. सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर २० कोटींच्या आसपास झाडं परत उभी राहिली. आफ्रिकी देशांनी २००७ मध्ये सहाराच्या कडेने आठ हजार किलोमीटर लांबीची हिरवी भिंत ठरवली, तिची कल्पनाही पुढे बदलली ती अशा गावांकडे बघून. आता ती झाडांची एकसलग रांग राहिली नाही, शेतं, कुरणं आणि झाडं यांचे तुकडे जोडायचं काम झालं आहे.

मी स्वतः एकदा असं पाहिलं आहे. आमच्या एका रोपवनाचं कुंपण चुकून ठरल्यापेक्षा लांब गेलं आणि लागवड न झालेला एक कोपरा आत आला. पाच वर्षांनी मोजायला गेलो तर रांगांमधल्या रोपांपेक्षा त्या कोपऱ्यातली आपोआप आलेली झाडं उंच होती, जातीही जास्त होत्या. अहवालात त्या झाडांसाठी रकानाच नव्हता. मी शेवटच्या पानावर समासात त्यांची संख्या लिहिली. सरकारकडून मला हवं आहे ते एवढंच: त्या झाडांसाठी एक रकाना, दहा वर्षं राखणीचा पगार, आणि मोजायला दुसऱ्या भागातला माणूस.

आमच्या गटाला गावातल्या दोन वर्षांपूर्वीच्या लागवडीची मोजणी करायची आहे. कशी करावी? आम्ही सगळे हौशी आहोत.

उन्हाळा संपता संपता जा, पहिल्या पावसाच्या आधी. पावसात गेलात तर गवतात रोप सापडणार नाही आणि सापडलं ते हिरवंच दिसेल. सगळी जागा मोजू नका. लागवडीच्या नकाशावर सारख्या अंतराने पट्टे आखा. रस्त्याकडेची रांग निवडायचा मोह टाळा, तिला पाणी मिळालेलं असतं. पट्ट्यातला प्रत्येक खड्डा बघायचा, रिकामा असला तरी लिहायचा. चार रकाने पुरतात: जिवंत, मेलेलं, रिकामा खड्डा, आपोआप आलेलं. उंची काठीने मोजा, १.३ मीटरच्या वर गेलेल्या रोपाचा घेरही घ्या. मेलेली दोन-चार रोपं उपटून मुळं बघा आणि फोटो काढा. पुढच्या लागवडीआधी रोपवाटिकेशी बोलायला त्याचा उपयोग होतो.

एका गोष्टीत हौशी माणूस फसतो. उन्हाळ्यात बरीच झाडं पानं गाळतात, काडीसारखं उभं असलेलं रोप मेलेलं वाटतं. ते लगेच मेलेल्यात धरू नका. खालच्या बाजूला, जमिनीपासून चार बोटं वर, नखाने सालीवर हलका ओरखडा काढा. आत तपकिरी आणि कोरडं असेल तर ते गेलं. हिरवी ओल दिसली तर त्याला जिवंत लिहा.